लसूणघासाला तीनच पानं का?

मेथीची जुडी निवडायला बसलं की हात आपोआप चालतात आणि डोळ्यांना फारसं काम उरत नाही. त्यामुळेच एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एका देठावर तीन पानं, पुढच्यावर तीन, त्याच्या पुढच्यावरही तीनच. गोठ्यात पडलेली लसूणघासाची पेंढी उलगडली तरी तेच. बरसीम तसाच. ही तिन्ही पिकं एकाच भावकीतली, पण त्याच भावकीत हरभराही आहे आणि त्याच्या एका देठावर दहा-पंधरा बारीक पानं सहज मोजता येतात. वाटाणा तर पानं संपली की पुढे ताणे काढतो. मग घासाला तीनवरच कोण थांबवतं?

घास नुकताच उगवला असेल तेव्हा वाफ्याशी जरा वाकून पाहिलं, तर कोडं आणखी वाढतं. आधी दोन बीजपत्रं उघडतात आणि मग पहिलं खरं पान येतं, ते एकटंच, गोलसर, अखंड. तीनांची रीत त्यानंतर सुरू होते. म्हणजे एकच पान काढणं रोपाला जमतं. तेच रोप चार दिवसांनी वेगळा निर्णय घेतं.

ही नुसती वनस्पतिशास्त्राची हौस नाही. घासातलं प्रथिन मुख्यतः पानात असतं. खोडाच्या तुलनेत पानात ते दुपटीहून जास्त भरतं आणि पचायलाही पान सोपं. म्हणून तर घास साधारण दहा टक्के फुलावर आला की कापा, असं चारापिकांचे तज्ज्ञ सांगत असतात. त्यापुढे खोड जून होत जातं, खालची पानं गळतात आणि पेंढीचं वजन भरलं तरी दूध भरत नाही. पान कसं घडतं हे कळलं तर चारा कसा सुधारायचा याची वाट सापडेल, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे. ती वाट कुठपर्यंत आली आहे ते पाहू.

पान कुठलं, पर्णिका कुठली

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मेथीच्या किंवा घासाच्या देठावर दिसतात ती तीन पानं नव्हेत, ते एकाच पानाचे तीन भाग आहेत. या भागांना पर्णिका म्हणतात आणि अशा पानाला संयुक्त पान. ओळखायची खूण सोपी आहे. देठ जिथे खोडाला चिकटतो तिथल्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो, त्यातून पुढे फांदी फुटते. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा शोधून पाहा, सापडणार नाही. डोळा एक, म्हणून पानही एक.

तेव्हा खरा प्रश्न असा होतो, की एक पान स्वतःला किती भागांत वाटून घेतं आणि ती वाटणी कुठे थांबवतं.

नॉक्स बंद झालं की पान सुरू

प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर, कोवळ्या पानांच्या आत दडलेला, पेशींचा एक इवलासा घुमट असतो. मिलिमीटरचा एखादा अंश एवढाच. इथल्या पेशींनी अजून काहीच ठरवलेलं नसतं. त्या विभागत राहतात आणि खोड, पान, फूल यांपैकी काहीही होऊ शकतात. त्यांना या अनिश्चित अवस्थेत ठेवण्याचं काम जनुकांचा एक गट करतो. जनुक म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्यावरून पेशी एखादं प्रथिन बनवते. काही प्रथिनांचं कामच मुळी दुसऱ्या जनुकांवर बसून त्यांना चालू किंवा बंद करण्याचं असतं. या लेखातली बहुतेक पात्रं त्याच जातीची आहेत.

घुमटावरच्या या गटाचं नाव नॉक्स. त्याचा शोध मक्यात लागला. मक्याचं एक विचित्र वाण होतं, त्याच्या पानांवर शिरांच्या कडेने गाठी उठायच्या. १९९१ साली त्यामागचं जनुक हाती आलं. एरवी शेंड्यावरच चालू राहणारं हे जनुक त्या वाणात चुकून पानातही चालू राहत होतं. पानाच्या पेशींना आपण पान झालो आहोत हे कळतच नव्हतं, त्या मधूनच पुन्हा वाढू लागत आणि गाठ तयार होई.

निरोगी रोपात मात्र घुमटाच्या कडेला एका ठिकाणी ऑक्सिन नावाचं संप्रेरक साठतं, तिथे नॉक्स बंद पडतं आणि बारीकसा उंचवटा येतो. हाच पानाचा जन्म. म्हणजे पानाची सुरुवातच काहीतरी बंद होण्यातून होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे जे येणार आहे त्यात हाच सूर पुन्हा पुन्हा लागतो.

टोमॅटोसारख्या झाडांत पान जन्मल्यावर नॉक्स पुन्हा जागं होतं. त्या जोरावर पानाला आणखी थोडा काळ अनिश्चित राहता येतं आणि तेवढ्यात पर्णिका फुटतात. घास आणि वाटाण्याच्या भावकीत मात्र नॉक्स पानात जागं होत नाही. त्यांनी हे काम भलत्याच जनुकाकडे सोपवलं आहे. लीफी असं नाव असलेलं हे जनुक एरवी फूल घडवण्यासाठी प्रसिद्ध. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरच्या संशोधकांनी दाखवलं, की वाटाण्यात हेच जनुक बिघडलं की फुलं तर बिघडतातच, शिवाय पानांच्या पर्णिकाही कमी होतात. फुलाच्या कारागिराला पानाच्या कामावर नेमल्याचा हा पहिला ठोस पुरावा होता.

दारं धरणारं जनुक

लसूणघासावर थेट असा अभ्यास करणं जिकिरीचं, त्याचं कारण पुढे येईल. म्हणून संशोधकांनी त्याचा एक लहानखुरा भूमध्यसागरी भाऊ निवडला, मेडिकागो ट्रंकाट्युला. ऑस्ट्रेलियात तो कुरणात चारा म्हणून पेरतात. त्याच्यात गुणसूत्रांच्या आठच जोड्या आहेत, तो स्वतःच्याच परागाने फळतो आणि त्याचा जीनोम २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या आर्डमोर इथे, नोबल फाउंडेशनमध्ये, या रोपाचे हजारो बिघडलेले वाण तयार केले गेले. काही बियाण्यावर न्यूट्रॉनचा मारा करून. काहींमध्ये तंबाखूतला टीएनटी-१ हा डीएनएचा तुकडा सोडून, जो जीनोममध्ये ठिकठिकाणी स्वतःच्या प्रती घुसवतो आणि जिथे घुसेल तिथलं जनुक मोडतो. मग रोपं वाढवायची आणि पानं पाहत हिंडायचं. कुणाचं पान एकेरी निघालं, कुणाचं पाच पर्णिकांचं, तर कुठलं जनुक मोडलं आहे ते शोधायचं. किती रोपं डोळ्यांखालून घालावी लागली असतील याचा विचार केला की अशा कामाबद्दल आदर वाढतो.

एकेरी पानाच्या रोपात मोडलेलं जनुक निघालं लीफीचंच मेडिकागोतलं रूप. त्याला सिंगल लीफलेट-१, थोडक्यात एसजीएल-१ म्हणतात. ते नसलं की पान एकच, अखंड. म्हणजे पर्णिका फोडण्याचा जोर या जनुकाचा.

पाच पर्णिकांची रोपं जास्त उद्‌बोधक ठरली. त्यांच्यात पाम-१ नावाचं जनुक नाहीसं झालेलं होतं. रुजिन चेन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं, की पाम-१चं प्रथिन थेट एसजीएल-१च्या डीएनएवर जाऊन बसतं आणि ते दाबून ठेवतं. पिकाला पाणी देणाऱ्याला ही रचना लगेच कळेल. पाटाला पाणी सुटलेलं असतं, ते आहे म्हणून शेत भिजतं. पण कुठल्या वाफ्यात किती जाईल हे दारं धरणारा ठरवतो. तीन वाफे भरले की तो माती टाकून दार बंद करतो. एसजीएल-१ म्हणजे पाणी, पाम-१ म्हणजे दार धरणारा. तो जागेवर नसला तर पाणी चौथ्या-पाचव्या वाफ्यातही शिरतं.

पुढे २०२० मध्ये दुसरा दार धरणाराही सापडला. त्याचं नाव पिना-१. दोघेही आपापल्या बाजूने एसजीएल-१ला आवरतात. पिना-१ मोडलं तरी पाच पर्णिका येतात, पण त्यांची मांडणी वेगळी. पाम-१ मोडलेल्या पानात पर्णिका टोकाशी पंज्यासारख्या एकवटतात, तर पिना-१ मोडलेल्या पानात देठाच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने लागतात.

तेव्हा सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर असं: पानाकडे जास्त पर्णिका काढण्याची ताकद आधीपासूनच आहे. तीन ही संख्या रोखून धरण्यातून आलेली आहे.

> चौकट : तीन नावं पुरेत
>
> एसजीएल-१ : पर्णिका फोडणारं जनुक. नसलं की पान एकेरी.
>
> पाम-१ : एसजीएल-१ला दाबणारं. नसलं की पाच पर्णिका.
>
> स्टेनोफोलिया : पानाला रुंदी देणारं. नसलं की पान अरुंद. (याची हकीकत खाली.)

रुंदीचा हिशेब

पर्णिका किती हे ठरलं, पण त्या पसरल्या नाहीत तर उपयोग काय? पानाची वरची बाजू उन्हासाठी घडते आणि खालची हवेची देवाणघेवाण करण्यासाठी. दोन्ही बाजूंची जनुकं वेगवेगळी. ही दोन क्षेत्रं जिथे एकमेकांना भिडतात, त्या कडेवर पेशी विभागत राहतात आणि पान आडवं पसरतं. त्या कडेवरच्या कामाचं मुख्य जनुक म्हणजे स्टेनोफोलिया. टीएनटी-१ घुसून ते मोडलेल्या मेडिकागोची पानं पट्टीसारखी अरुंद निघाली आणि त्यावरून ते ओळखलं गेलं. तंबाखूच्या एका रानटी जातीत याच प्रकारचं जनुक बिघडलेलं एक वाण होतं, त्याच्या पानांना मधल्या शिरेपलीकडे पातं असं जवळजवळ नव्हतंच. मेडिकागोतलं जनुक त्यात घातल्यावर त्याची पानं पुन्हा रुंदावली.

या जनुकाची कामाची पद्धत पाहिली की गंमत वाटते. रुंदी वाढवणारं म्हणून त्याची ख्याती, पण प्रत्यक्षात तेही दाबण्याचंच काम करतं. पानाच्या कडेवर एका दुसऱ्या जनुकाला ते गप्प करतं, म्हणून पेशी वाढत राहतात. अमेरिकेतल्या स्विचग्रास या गवतात ते जादा प्रमाणात चालवल्यावर पानं रुंद झाली आणि एकूण हिरवा माल वाढला, असा अहवाल २०१७ मध्ये आला. द्विदल पिकातलं जनुक गवतात चालावं हे विशेष, कारण या दोन घराण्यांची फारकत होऊन दहा कोटींहून अधिक वर्षं झाली आहेत.

कडवळाची पांढरी शिर

गवताचा विषय निघालाच आहे तर ज्वारीकडे वळू. कडवळ पेरणाऱ्यांना ही खूण ठाऊक असते: पानाची मधली शिर पांढरीफेक असेल तर ताट कोरडं, भेंडाळ. शिर मळकट हिरवी असेल तर ताट रसाळ आणि जनावर आवडीने खाणार. ताट न मोडता पानावरून रस ओळखायचा, अशी ही सोय.

हा गुण एकाच जनुकाने ठरतो आणि कोरडेपणा प्रभावी असतो, हे १९१६ सालीच हिल्सन यांनी भारतातल्या एका शेतकी नियतकालिकात मांडलं होतं. ते जनुक नेमकं कुठलं, हे कळायला मात्र २०१८ उजाडलं. जपानी आणि चिनी संशोधकांनी ते वेगवेगळं शोधून काढलं. त्याचं काम ऐकून दचकायला होतं: ते भेंडातल्या पेशींना मरायला लावतं. पेशी मेल्या की आतला रस जातो, जागी हवा भरते आणि हवेमुळे शिर पांढरी दिसते. ज्या ज्वारीत हे जनुक मोडलेलं, तिच्या पेशी जिवंत आणि रसरशीत राहतात. गोड ताटांच्या ज्वारीचा जन्म या मोडतोडीतून झाला आहे.

शिरेचा तिसराही रंग असतो, तपकिरी. मक्यात तो १९२४ मध्ये मिनेसोटात दिसला. ज्वारीत १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनांचा वापर करून मुद्दाम घडवला गेला. लिग्निन हा पदार्थ पेशींच्या भिंतींना लाकडासारखा टणकपणा देतो आणि तो जनावराला पचत नाही. तो बनवणाऱ्या साखळीतलं एखादं जनुक मोडलं की लिग्निन घटतं, शिर तपकिरी होते आणि चारा जास्त पचतो. बदल्यात काही वाणांत ताट लोळतं आणि उत्पादन कमी येतं. अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळालेला कमी लिग्निनचा जनुकबदल लसूणघासही याच तत्त्वावर उभा आहे: त्यात लिग्निनच्या साखळीतलं एक जनुक बरंचसं दाबलेलं आहे.

पाच पर्णिका, रसाळ ताट, तपकिरी शिर. माणसाला आणि जनावराला हवे असलेले हे तिन्ही गुण काहीतरी मोडल्याने मिळालेले आहेत. याचं नवल वाटायचं कारण नाही. झाड स्वतःसाठी जगतं, आपल्या म्हशीसाठी नव्हे. त्याने बसवलेले अटकाव त्याच्या सोयीचे आहेत.

चार प्रतींची अडचण

मग लसूणघासात पाम-१ मोडलेली रोपं शोधून त्यांचं वाण का करत नाहीत? इथे घासाचा स्वभाव आडवा येतो. आपल्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. लसूणघासात प्रत्येकाच्या चार प्रती, एकूण ३२ गुणसूत्रं. पाम-१ची एक चांगली प्रत शिल्लक असली तरी बहुधा दार धरायला ती पुरते. म्हणजे पूर्ण परिणाम हवा असेल तर चारही मोडलेल्या हव्यात.

हिशेब करून पाहा. दोन प्रतींच्या रोपात एक चांगली आणि एक मोडकी असेल आणि ते स्वतःशीच फळलं, तर चार पिल्लांत एक पूर्ण मोडक्या प्रतींचं मिळतं. चार प्रतींच्या रोपात दोन चांगल्या, दोन मोडक्या असतील, तर असं रोप सरासरी ३६ पिल्लांत एक मिळतं. दोन-तीन गुण एकत्र आणायचे तर आकडा हजारांत जातो. त्यातून घास हा मधमाश्यांनी परकीय पराग आणून फळणारा. स्वतःशीच फळवत नेला की पुढच्या पिढ्या खुरटतात. शुद्ध वाण काढण्याची भात-गव्हाची पद्धत इथे लागूच पडत नाही.

अमेरिकेत बहुपर्णी लसूणघासाची वाणं गेली काही दशकं विकली जातात, निवडीच्या जुन्या पद्धतीने तयार केलेली. त्या शेतात फिरलं तर काही पानं तीन पर्णिकांची, काही चारांची, काही पाचांची दिसतात. एकसारखेपणा नाही.

पाच पर्णिका म्हणजे जास्त चारा?

इथे जरा थांबून विचारावंसं वाटतं. या बहुपर्णी वाणांची चांगल्या तीनपर्णी वाणांशी तुलना झाली, तेव्हा प्रत्येक वेळी ती सरस ठरली नाहीत. ते तर्काला धरूनच आहे. पर्णिकांची संख्या वाढली तरी प्रत्येकीचा आकार घटला तर पानाचं वजन तेवढंच राहील. आणि पेंढीत पान किती, खोड किती, हे कापणीच्या दिवसावर आणि वाळवण्याच्या रीतीवर फार अवलंबून असतं. घास वाळवताना उन्हात उलथापालथ जास्त झाली की पानांचा भुगा होऊन शेतातच राहतो आणि गोठ्यात काड्या येतात. मग त्या काड्यांवर पूर्वी तीन पर्णिका होत्या की पाच, याने काय फरक पडतो? पाम-१च्या बातम्यांमध्ये ही बाजू सहसा येत नाही, म्हणून इथे सांगितली. माझ्या मते मोठं पान आणि जास्त पर्णिका ही जोडी साधली तर खरा फायदा आहे. त्यातला मोठ्या पानाचा धागाही मेडिकागोत सापडला आहे. बिग सीड्स-१ हे जनुक पेशींच्या विभाजनाला लगाम घालतं आणि ते मोडलं की पानं, शेंगा आणि बिया सगळंच मोठं होतं, हे २०१६ मध्ये कळलं. पुन्हा एक मोडलेलं जनुक.

एका पिढीत चारही

चारही प्रती एकाच वेळी मोडण्याचं काम आता क्रिस्पर या तंत्राने होऊ लागलं आहे. डीएनए कापणारं एक प्रथिन आणि त्याला नेमकी जागा दाखवणारा आरएनएचा तुकडा, एवढंच त्याचं साहित्य. चारही प्रतींवर तोच मजकूर असेल तर एकच तुकडा चारही जागा दाखवतो. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी शिंजियांगमधल्या मोठ्या पानांच्या एका लसूणघासाचा ३२ गुणसूत्रांचा जीनोम वाचला आणि त्यातलं पाम-१ असं मोडलं. रोपांना बहुपर्णी पानं आली. पुढच्या पिढीत कापणाऱ्या प्रथिनाचं जनुक वगळलेली, पण बदल टिकलेली रोपंही त्यांनी निवडून काढली.

ही शेवटची गोष्ट भारताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. परका डीएनए शिल्लक नसलेल्या अशा संपादित पिकांना मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने जनुकबदल पिकांच्या १९८९च्या नियमांतल्या कडक तरतुदींतून वगळलं. त्या वाटेने मे २०२५ मध्ये कमला आणि पुसा डीएसटी राईस १ ही भाताची दोन वाणं जाहीर झाली. दोन्हींमध्ये काय केलं आहे? एकेक जनुक निकामी केलं आहे.

चाऱ्याच्या बाबतीत मात्र भातापेक्षा एक कसोटी जास्त आहे. भात स्वतःशी फळतो, केलेला बदल पिढ्यान्‌पिढ्या जागेवर राहतो. घासाचं तसं नाही. संपादित घासाचा बियाण्याचा प्लॉट घेतला आणि शेजारी साधा घास फुलावर असला, तर मधमाशी तिकडून पाम-१च्या चांगल्या प्रती घेऊन येते. त्या बियाण्यातून उगवलेल्या रोपांच्या पेशींत दार धरणारा पुन्हा हजर होतो आणि पानं पुन्हा तिनावर येतात. तेव्हा असं वाण आपल्याकडे आलंच, तर बियाण्याचा प्लॉट इतर घासापासून लांब ठेवणं, किंवा शेजारचा घास फुलायच्या आत कापून घ्यायला लावणं, हे काम प्रयोगशाळेच्या बाहेर, बांधावर करावं लागेल.